सवयींच्या रकान्यात ‘तंबाखू’: सोळाव्या वर्षातल्या एका मुलाचं प्रकरण

या मुलाला सागर म्हणू. त्याचं खरं नाव, राहण्याचा परिसर आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. कलम नसतं तरी बदललेच असते, कारण गल्लीतली माणसं मोबाइलवर सगळं वाचतात. मी मुंबईत बाल न्याय मंडळासमोर येणाऱ्या मुलांबरोबर काम करते. कागदावर अशा मुलाला ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात. सागरची आई मात्र शेवटपर्यंत ‘पोरगा रिमांडला आहे’ असंच सांगत राहिली.

हे प्रकरण लिहायला घेतलं ते त्यातल्या आमच्या चुकांसाठी. सगळ्यात मोठी चूक एका छापील फॉर्मच्या एका रकान्यात आहे.

पार्श्वभूमी

वडील नाक्यावर उभे राहणारे बिगारी. काम मिळालं तर दारू, नाही मिळालं तर उधारीवर दारू. आई तीन घरी धुणीभांडी करते आणि एका घरी पोळ्या लाटते. मूळ गाव मराठवाड्यात, पण सागरचा जन्म मुंबईतला, महापालिकेच्या दवाखान्यातला. त्याच्या पाठीवर एक बहीण.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तो सहावीत होता. घरात फोन एकच आणि तो वडिलांसोबत नाक्यावर जायचा, त्यामुळे ऑनलाइन वर्ग सागरने पाहिलाच नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत आठवीपासूनचे वर्ग पुन्हा भरले, तेव्हा तो पटावर आठवीत होता आणि प्रत्यक्षात चहाच्या टपरीवर ग्लास विसळत होता. आठवीपर्यंत नापास करायचं नाही या तेव्हाच्या नियमामुळे त्याच्याकडे आठवी पासचा दाखला आहे. हा दाखला पुढे कामाला आला, म्हणून सांगून ठेवते.

टपरीमागे स्कायवॉकचा जिना आहे. तिथं पोरं सोल्युशन मारायची. पंक्चर काढायचं सोल्युशन रुमालावर पिळायचं, रुमाल मुठीत धरून तोंडाशी न्यायचा. ट्यूब वडापावपेक्षा स्वस्त आणि कुठल्याही सायकलवाल्याकडे मिळणारी. सागर तेरा वर्षांचा असताना तिथं बसायला लागला. त्याच्या ओठांभोवती कोरड्या, लालसर पुरळाचं एक कडं होतं. आई त्याला ‘उन्हानं झालं’ म्हणायची. त्यावर ती खोबरेल तेल लावायची, असं तिनंच सांगितलं.

सागर याला अपवाद नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये केंद्र सरकारला मुलांमधल्या व्यसनांची देशव्यापी पाहणी करायला सांगितलं होतं. दिल्लीच्या एम्सने केलेली राष्ट्रीय पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात फक्त एकाच प्रकारच्या नशेचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त आढळलं, ते म्हणजे हुंगायच्या पदार्थांचं. मोठ्यांमध्ये ०.५८ टक्के, मुलांमध्ये १.१७ टक्के. पोलीस ठाण्यातल्या अमली पदार्थांच्या फलकावर मात्र गांजा असतो, एमडी (मेफेड्रोन) असते, गर्द असतो. पंक्चरच्या सोल्युशनचं चित्र मी अजून कुठल्या फलकावर पाहिलेलं नाही.

चौदाव्या वर्षी ‘बटन’ आलं. बटन म्हणजे नायट्राझेपामच्या झोपेच्या गोळ्या. कायद्याने या गोळ्या अनुसूची एच-१ मध्ये येतात, म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी हवी आणि दुकानदाराने विक्रीची वेगळी वही ठेवायला हवी. सागरला दहा-दहा गोळ्यांची पाकिटं गल्लीतल्या एका ‘दादा’कडून मिळत, चिठ्ठीशिवाय आणि सुरुवातीला पैशाशिवायही.

याच सुमारास तो पहिल्यांदा पोलिसांच्या हाती लागला, मोटरसायकलची बॅटरी काढताना. ठाण्यात डायरीला नोंद झाली, आईला बोलावलं, दोन धपाटे बसले आणि रात्री दहाला दोघं घरी आले. किरकोळ गुन्ह्यात मुलावर एफआयआर करायचा नाही, हे नियमाला धरूनच होतं. पण त्याच नियमात मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल भरून मंडळाकडे पाठवायचा असतो, तो झाला नाही. अधिकारी भला माणूस होता. पोराच्या मागे कोर्टकचेरी लागू नये, असं त्याला वाटलं असणार. त्या रात्री कुणी सागरच्या ओठांभोवतीचं कडं नीट पाहिलं असतं तर ही गोष्ट इतकी लांबली नसती.

घटना

ऑगस्ट २०२४, शनिवारची रात्र, पाऊस. सागर आणि आणखी दोघं, त्यातला एक एकोणीस वर्षांचा. रिक्षाची वाट बघत उभ्या असलेल्या एका सुरक्षारक्षकाचा मोबाइल त्यांनी ओढला. त्याने सोडला नाही. सागरच्या हातात अर्धं ब्लेड होतं, मोबाइलच्या जुन्या कव्हरमध्ये खोचून ठेवलेलं. रक्षकाच्या तळहाताला चार टाके पडले. मोबाइल घेऊन एकोणीस वर्षांचा पळाला आणि चार दिवसांनी सापडला. तिसराही पळाला. सागर तिथंच फुटपाथवर बसून राहिला. लोकांनी त्याला बडवलं, तरी तो उठला नाही. साक्षीदाराच्या जबाबात एक वाक्य आहे: ‘मुलगा पळत नव्हता, हसत होता.’

सोबत सज्ञान आरोपी असल्यामुळे एफआयआर झाला. भारतीय न्याय संहिता लागू होऊन दोनच महिने झाले होते, ठाण्यात कलमांचा तक्ता भिंतीवर चिकटवलेला होता. जबरी चोरीचं कलम ३०९ लागलं आणि शस्त्र वापरलं म्हणून कलम ३११ सुद्धा. ३११ ला किमान शिक्षा सात वर्षं. बाल न्याय कायद्यात किमान सात वर्षांची शिक्षा असलेला गुन्हा ‘घृणास्पद’ या वर्गात जातो, आणि असा गुन्हा करणारा मुलगा सोळा पूर्ण केलेला असेल तर त्याचा खटला मोठ्यांसारखा चालवायचा का, याची प्राथमिक पाहणी कलम १५ खाली मंडळाला करावी लागते. अर्ध्या ब्लेडने सागरला त्या दारात नेऊन उभं केलं.

नशा आणि हिंसा यांचे तीन सांधे असतात, असं अमेरिकी अभ्यासक पॉल गोल्डस्टीन यांनी १९८५ मध्ये मांडलं. नशेच्या अंमलाखाली केलेला गुन्हा, नशेच्या पैशांसाठी केलेला गुन्हा आणि नशेच्या धंद्यातून होणारा गुन्हा. प्रशिक्षणात आम्हाला हे तीन वेगळ्या चौकटींत शिकवतात. सागरच्या त्या रात्रीत तिन्ही होते. दुपारपासून त्याने सहा बटनं खाल्ली होती. दादाची उधारी चढली होती. आणि मोबाइल ज्याच्याकडे विकायचा होता तो माणूस दादाचाच होता. यातलं पहिलं आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं, दुसरं तिसऱ्या आठवड्यात आणि तिसरं तब्बल नवव्या आठवड्यात.

पहिला निर्णय: जामीन

चोवीस तासांच्या आत मुलाला मंडळासमोर उभं करावं लागतं. रविवार असल्याने मंडळ बसलेलं नव्हतं, म्हणून पोलिसांनी त्याला एका सदस्यांच्या घरी नेलं. पोलीस साध्या वेशात होते, बेड्या नव्हत्या, सगळं नियमाप्रमाणे. कलम १२ नुसार गुन्हा कितीही गंभीर असो, मुलाला जामीन हा नियम आहे. नाकारायचा तर तीनच कारणं चालतात: सुटल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका होईल, अथवा न्यायाचा हेतूच हरेल.

विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांनी जामीन मागितला. विरोध सरकारपक्षाकडून आला नाही, आईकडून आला. ‘साहेब, ठेवा त्याला पंधरा दिवस. घरी आला की परत तेच. तिथं निदान जिवंत तरी राहील.’

अशी आई दर महिन्याला एक तरी भेटते. पोराला सोडू नका म्हणणारी आई निर्दय नसते. तिच्याकडे दुसरी जागा नसते, एवढाच त्याचा अर्थ. सदस्यांनी तिचं म्हणणं ‘शारीरिक धोका’ या कारणात बसवलं आणि सागर निरीक्षण गृहात, म्हणजे चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथं, गेला. मी त्या वेळी मान डोलावली होती.

दाखल करताना फॉर्म भरला गेला. ‘सवयी’ या रकान्यात लिहिलं गेलं: तंबाखू. सागरला विचारलं, ‘व्यसन काय?’, तो म्हणाला, ‘तंबाखू.’ खोटं नव्हतं, तो तंबाखूही खायचा. रविवारी रात्री भरती करणाऱ्या माणसापुढे सहा मुलं रांगेत होती.

मंगळवारी पहाटे त्याला फेफरं आलं. शेजारच्या गादीवरच्या मुलाने आरडाओरड केली, काळजीवाहकाने चपलेचा वास दिला, मग रुग्णवाहिका. झोपेच्या गोळ्या रोज मोठ्या प्रमाणात घेणाऱ्याने त्या एकदम थांबवल्या तर झटके येऊ शकतात आणि त्यात जीवही जाऊ शकतो. दारूचंही तसंच आहे. म्हणजे आईने ज्या जागी पोरगा जिवंत राहील म्हणून हात जोडले, तिथंच तो मरायला टेकला होता. सरकारी रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरने पाच मिनिटांत विचारलं, ‘बटन खातोस का? दिवसाला किती?’ सागरने दोन्ही हातांची बोटं दाखवली. दहा. कधी पंधरा.

‘याद नाय’

पोलिसांच्या जबाबात सागर पाच वेळा म्हणाला आहे, ‘मला याद नाय.’ ठाण्यात याचा अर्थ ‘पक्का आहे’ असा लावला गेला. मंडळासमोरच्या पहिल्या तारखेला त्याने हेच सांगितलं तेव्हा एका सदस्यांनी वकिलांकडे बघितलं. पढवलेलं उत्तर वाटावं, इतकं ते सपाट होतं.

मानसोपचार विभागातल्या डॉक्टरांनी नंतर लेखी कळवलं की या गटातल्या गोळ्यांच्या अंमलाखाली घडलेल्या गोष्टींची आठवण मुळात साठतच नाही. माणूस चालतो, बोलतो, भांडतो आणि दुसऱ्या दिवशी ती दुपार त्याच्याकडे नसते. सागरला पाऊस आठवत होता आणि मार आठवत होता. ब्लेड आठवत नव्हतं. मला तो म्हणाला, ‘ताई, मी मारलंच असेल. पण मला दिसत नाय ते.’

याचा कायद्याशी थेट संबंध आहे. कलम १५ खाली मंडळाने तीन गोष्टी बघायच्या असतात: गुन्हा करण्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची क्षमता आणि गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला ते. सहा गोळ्यांखालच्या मुलाची ‘समजण्याची क्षमता’ कुठल्या दिवशीची मोजायची? तपासणीच्या दिवशी तो शुद्धीवर असतो, व्यवस्थित बोलतो, सातचा पाढा म्हणतो. ‘चोरी केली तर काय होतं?’ ‘पोलीस पकडतात.’ झालं, त्याला परिणाम समजतात असा निष्कर्ष. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मंडळात बालमानसशास्त्राचं शिक्षण घेतलेलं कुणी नसेल तर या पाहणीसाठी तज्ज्ञाची मदत घेणं सक्तीचं मानलं, ते याच भीतीपोटी असावं. आमच्या प्रकरणात तज्ज्ञ नेमायची तयारी झाली होती. पण त्याआधी दुसराच प्रश्न पुढे आला.

एक जून

महाराष्ट्रात कुठल्याही जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर उघडलं तर अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला निघतो. आईबाप तारीख सांगू शकले नाहीत की गुरुजी १ जून टाकून मोकळे होतात. सागरच्या रजिस्टरमध्ये १ जून २००८ होती. घटनेच्या दिवशी वय सोळा वर्षं दोन महिने.

आई म्हणाली, ‘दसऱ्यानंतरचा, दिवाळीच्या आधीचा.’ २००८ चा दसरा ९ ऑक्टोबरला होता आणि दिवाळी २८ ला. म्हणजे वय पंधरा वर्षं दहा महिने. कलम १५ चं दार बंद.

आधार कार्डावरही १ जूनच होती, शाळेच्या दाखल्यावरून घेतलेली, आणि आधार हा वयाचा पुरावा नाहीच. महापालिकेच्या विभाग कार्यालयातून जन्मनोंद मिळवायला पाच आठवडे लागले. मिळाली त्यात आईवडिलांची नावं होती, दवाखाना होता, १७ ऑक्टोबर २००८ ही तारीख होती. बालकाच्या नावाची ओळ कोरी होती. बारशाआधी नोंद झाली की ती ओळ कोरी राहते आणि पुढे भरायला कुणी जात नाही.

अडचण अशी की कलम ९४ मध्ये शाळेचा दाखला आधी येतो. तो नसेल तरच महापालिकेचा जन्मदाखला आणि दोन्ही नसतील तर हाडांची तपासणी. सरकारपक्ष यावरच बोट ठेवून होता. वकिलांनी मुख्याध्यापिकांना साक्षीला बोलावलं. त्या मूळ रजिस्टर घेऊन आल्या, फडक्यात बांधलेलं, कडा वाळवीने खाल्लेल्या. ज्या पानावर सागर होता त्या पानावर त्याच्या वर-खाली मिळून सलग पाच मुलांची तारीख १ जून होती. ‘कशावरून लिहिली?’ या प्रश्नावर बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं, ‘कागद काहीच नव्हता. सहा पूर्ण दिसावं म्हणून लिहिली असणार.’

मंडळाने शाळेची नोंद आधार नसलेली मानली, जन्मनोंद धरली आणि सागर सोळाच्या आतला ठरला. आम्ही बाहेर येऊन चहा प्यायलो. आनंद मोठा होता, पण मला तेव्हाही बरं वाटलं नव्हतं आणि आताही वाटत नाही. तो ऑक्टोबरऐवजी जुलैमध्ये जन्मला असता तर? मुलगा तोच, गोळ्या त्याच, ब्लेड तेच. मग त्याच्याबद्दलचं सगळं एका पाहणीवर ठरलं असतं, जी शुद्धीवरच्या सागरची झाली असती.

कुठे ठेवायचं: पर्याय

रुग्णालयात सोळा दिवस डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू कमी करत आणल्या. तो सुटायच्या आधी पीओ सर, म्हणजे परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी, आणि मी बसून कागदावर पर्याय मांडले.

घर: दादाचा ठिय्या घरापासून चौथ्या दारात.

निरीक्षण गृह: गोळ्या वेळेवर देता येतील, पण व्यसनावर उपचार म्हणावं असं तिथं काही नव्हतं. आणि तिथं आधीच आलेली दोन मुलं त्याच्याच स्कायवॉकची होती.

व्यसनमुक्ती केंद्र: मी सात ठिकाणी फोन केले. पाच जणांनी अठराखाली घेत नाही म्हणून सांगितलं. दोन घ्यायला तयार होते, एका मोठ्या हॉलमध्ये चाळीस-पंचेचाळीस वयाच्या दारूड्यांसोबत. मोठ्यांच्या तुरुंगात मूल ठेवत नाहीत, पण मोठ्यांच्या व्यसनमुक्ती हॉलमध्ये ठेवायला कुणाला काही वाटत नाही.

मामाचं गाव: हा पर्याय सगळ्यांना आवडला होता. मुंबईपासून लांब, मोकळी हवा, मामा निर्व्यसनी, माळकरी. मंडळाचाही कल तिकडे होता. आदेशाचा मसुदा होणार त्याच्या आदल्या संध्याकाळी पीओ सरांनी मामाला फोन केला आणि सहज विचारलं, ‘तुमचा व्यवसाय काय?’

‘पंक्चरचं दुकान आहे, साहेब. पोराला हाताखाली घेतो ना.’

शेवटी सागर तीन आठवडे निरीक्षण गृहातच राहिला, वेगळ्या खोलीत आणि औषधं परिचारिकेच्या हाती ठेवून. उरलेला डोस संपल्यावर त्याला जामिनावर मावशीच्या ताब्यात दिलं. मावशी कल्याणच्या पलीकडे चाळीत राहते, तिच्या यजमानांची भाजीची गाडी आहे. अटी चार होत्या: जुन्या वस्तीत जायचं नाही, दर बुधवारी मानसोपचार ओपीडी, पंधरा दिवसांनी पीओ सरांना भेटायचं, मोबाइल मावशीकडे.

मावशीला हो म्हणायला लावण्यात आईचं मंगळसूत्र कामी आलं, असं नंतर कळलं. म्हणजे तिने ते बहिणीकडे गहाण ठेवलं, पोराच्या जेवणाखाण्याचा खर्च म्हणून. अशा खर्चासाठी मंडळाच्या आदेशात एक ओळही नव्हती.

भाऊबीज

३ नोव्हेंबर २०२४ ला भाऊबीज होती. सागरने मावशीला विचारलं, मावशीने आईला, आईने कुणालाच नाही. तो बहिणीकडून ओवाळून घ्यायला जुन्या घरी गेला आणि दोन दिवस परतला नाही. मंगळवारी मावशीच्या दारात आला तो भिंत धरून. बुधवारी ओपीडीत लघवीची तपासणी केली, गोळ्यांचा अंश आला. (सोल्युशन त्या नेहमीच्या पट्टीवर दिसतच नाही. पट्टी स्वच्छ म्हणजे मुलगा स्वच्छ, असं समजणारे बरेच जण आहेत.)

अट मोडली होती. पीओ सरांपुढे दोन रस्ते होते: मंडळाला कळवायचं, मग जामीन रद्द होऊ शकतो, किंवा गप्प बसायचं. आमच्यात वाद झाला. मी म्हणत होते, आठवडाभर थांबू. सर म्हणाले, ‘आज लपवलं तर उद्या तो आपल्याला सांगायचं बंद करेल, कारण आपण घाबरतो हे त्याला कळेल.’ त्यांचं बरोबर होतं. त्यांनी अहवाल दिला आणि त्यातच लिहिलं की मुलगा स्वतः परत आला, स्वतः कबूल केलं, उलटणं हा या आजाराचा भाग आहे. जामीन रद्द करू नये, ओपीडी आठवड्यातून दोनदा करावी. मंडळाने ऐकलं. एक सदस्य बाई म्हणाल्या, ‘ओवाळायला बहीण तिकडे जाऊ शकत नव्हती का?’ एवढं साधं आमच्या चार अटींमध्ये कुणाला सुचलं नव्हतं. त्यानंतर दर रविवारी बहीण मावशीकडे यायला लागली.

गल्लीतला दादा

बाल न्याय कायद्याची कलमं ७७ आणि ७८ मोठ्यांसाठी आहेत. मुलाला अमली पदार्थ देणं, किंवा त्याच्याकरवी ते विकवणं, पोचवणं, यासाठी सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. पहिल्या दोन महिन्यांत सागरला कुणी विचारलं नाही की दादा गोळ्यांच्या बदल्यात काय घेतो. मीसुद्धा नाही. पोलीस मोबाइलच्या मागे होते, वकील वयाच्या मागे, मी जागेच्या.

नवव्या आठवड्यात तो आपणहून बोलला. दादा पुड्या द्यायचा, सागर त्या रिक्षा स्टँडपर्यंत पोचवायचा, दोन खेपांना एक पाकीट बटन. ‘लहान पोराला कोण तपासतंय’, असं दादा म्हणायचा. म्हणजे जो मुलगा आमच्याकडे आरोपी म्हणून आला होता, तो त्याच कायद्याच्या दुसऱ्या पानावर पीडित होता.

जबाब द्यायचा की नाही, हे आम्ही सागर आणि त्याच्या आईवर सोडलं. आईने नकार दिला. तिची मुलगी रोज त्या चौथ्या दारावरून शाळेत जाते. मी आग्रह केला नाही. मंडळाला मात्र नाव न घेता सगळं कळवलं, मंडळाने पोलिसांना चौकशी करायला सांगितलं. अहवाल आला: सदर ठिकाणी असा इसम मिळून आला नाही. तो खरोखरच मिळाला नसणार, कारण त्याने तोवर ठिय्या पुढच्या गल्लीत हलवला होता. बिनचिठ्ठीच्या गोळ्यांबद्दल आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली. तिचं पुढे काय झालं, ते आमच्यापर्यंत आलं नाही.

निष्पत्ती

चौकशी चार महिन्यांत संपवायची असते, मंडळ आणखी दोन महिने वाढवू शकतं. आमची सहाव्या महिन्यात, फेब्रुवारी २०२५ मध्ये संपली. सागरचा सहभाग सिद्ध मानला गेला. कलम १८ खाली एक वर्ष परिविक्षा, मावशीच्या देखरेखीखाली, समुपदेशन आणि व्यसनमुक्तीचा उपचार सुरू ठेवण्याचा आदेश झाला. एकोणीस वर्षांच्या मुलाचा खटला वेगळा, सत्र न्यायालयात.

शिक्षणासाठी आयटीआयचा विचार झाला. आठवी पासवर मिळणाऱ्या ट्रेडमध्ये पेंटर होता, तो लगेच खोडला, कारण थिनर. वेल्डर राहिला. २०२५ च्या प्रवेशात त्याला जागा मिळाली. मधल्या काळात आणखी एकदा, मार्चमध्ये, त्याने गोळ्या घेतल्या आणि दुसऱ्याच दिवशी पीओ सरांना स्वतः फोन केला.

रक्षकाबद्दल लिहायला हवं. तो दोन तारखांना आला. हाताला पट्टी, दोन दिवसांचा पगार कापलेला, फोनचे सात हप्ते बाकी. मला म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही त्याच्यासाठी एवढी धावपळ करता, माझ्या फोनचं काय?’ फोन मुद्देमाल म्हणून ठाण्यात होता. तो परत मिळवायला अर्ज करावा लागतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं, पण अर्ज लिहून दिला नाही. तिसऱ्या तारखेला तो आला नाही. फोन मिळेपर्यंत नऊ महिने झाले होते. सागरने त्याची माफी मागावी असं सागरलाच वाटत होतं. पण दोघांना समोरासमोर आणायची व्यवस्था आमच्याकडे नव्हती आणि आम्ही ती केली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

बॅटरीच्या वेळी डायरीऐवजी सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल गेला असता, तर मंडळ त्याला बाल कल्याण समितीकडे पाठवू शकलं असतं. अमली पदार्थांच्या ओढीत सापडण्याचा धोका असलेलं मूल कायद्याच्या व्याख्येतच ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं’ आहे. त्यासाठी आधी गुन्हा व्हावा लागत नाही.

जामीन नाकारायचा होता तर त्याच आदेशात वैद्यकीय तपासणीची सक्ती हवी होती. ‘घरी धोका आहे’ असं लिहिताना ‘इथे धोका नाही’ हे आम्ही गृहीत धरलं. आईच्या विनंतीवर मान डोलावण्याआधी मी सागरच्या पापण्या बघायला हव्या होत्या. तो सदस्यांच्या सोफ्यावर बसल्या बसल्या पेंगत होता.

दादा गोळ्यांच्या बदल्यात काय घेतो, हे नवव्या आठवड्यात नाही, पहिल्या पंधरवड्यात विचारायला हवं होतं. जबाब नसता मिळाला तरी चालला असता, निदान आईला घर बदलायला मदत मागता आली असती.

आता आम्ही दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलासोबत वेगळा अर्धा कागद जोडतो. त्यावर ‘व्यसन काय?’ असं विचारलेलं नाही. प्रश्न असे आहेत: काल सकाळपासून काय काय घेतलं, किती, शेवटचं कधी. सोल्युशन, व्हाइटनर, थिनर, बटन, खोकल्याचं औषध, गर्द, गांजा, एमडी, दारू, प्रत्येकाचं नाव घेऊन विचारायचं, आणि तोंडाभोवती, बोटांवर, बाहीवर बघायचं. पाच-सहा मिनिटं लागतात. रविवारी रात्री सहा मुलं रांगेत असतात तेव्हा तो कागद अजूनही कधी कधी कोराच येतो. मग सोमवारी सकाळी आम्ही पुन्हा जाऊन विचारतो.